बावीस बायकांचं चार्जिंग

१२ नोव्हेंबर
शारजा

दादा,

नमस्कार तूच समजून घे, मी अजून रागात आहे. मार्चपासून तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. पोस्टात टाकणार नाही. सात दिवसांत जे लिहीन ते परत आल्यावर एकदमच तुझ्या टेबलावर आणून ठेवीन. वाच, नाहीतर रद्दीत घाल.

पोहोचलो. बावीसच्या बावीस. हॉटेल अल मजाजमध्ये आहे, खिडकीतून खालिद लगूनचं पाणी दिसतं. बायकांनी पाण्यासमोर उभं राहून प्रत्येकी शंभर तरी फोटो काढले. कमलताई पाटोळ्यांनी चहाचा कप हातात घेऊन "पाच दिरहम म्हणजे एकशेवीस रुपये" असं मोठ्याने म्हटलं आणि अर्धा चहा तसाच ठेवला. मग उठताना परत येऊन तो संपवला.

गुढीपाडव्याला सगळ्या स्टाफसमोर तू काय बोललास ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "अष्टविनायक ने, गाणगापूर ने. परदेश तुला झेपायचा नाही. बायकांची ट्रिप चौथ्या दिवशी रडत परत येईल." एकोणीस वर्षं 'शिराळकर टूर्स'च्या बसमध्ये मी उलटीच्या पिशव्या वाटल्या आणि त्याचं हे फळ. मीही भडकले. एक जरी बाई सहल अर्धी टाकून गेली तर माझ्या नव्या 'अपर्णा महिला सहली'चं शटर ओढीन आणि निमूट तुझ्या कौंटरवर येऊन बसेन, असं बोलून बसले. बोलले ते बोलले. मागे घेणार नाही.

आणि तू मुद्दाम याच तारखांना तुझी दुबई टूर लावलीस, स्वतःच्या पोराला, प्रणवला लीडर करून, हे मला कळलं नाही असं समजू नकोस. वहिनीलाही पाठवलंस म्हणे. पंचवीस वर्षं टूरचा धंदा आणि तिचा पासपोर्ट या वर्षी निघाला. असो. उशिरा का होईना, बरं केलंस.

इकडे सगळं छान आहे. प्लगची थोडी अडचण आहे, किरकोळ.

अपर्णा


१३ नोव्हेंबर, दुपार

दादा,

काल खोटं लिहिलं. अडचण किरकोळ नाही आणि चूक सर्वस्वी माझी आहे.

इथलं सॉकेट तीन चौकोनी भोकांचं. आपल्या दोन गोल पिना त्यात जात नाहीत. खालच्या दोन भोकांना आतून झडप असते, वरच्या भोकात लांब पिन गेली की मगच ती उघडते. हे मला माहीत होतं. म्हणून तर गणपती पेठेतून बावीस ॲडॅप्टर घेतले, प्रत्येकीच्या पिशवीत लाडवांच्या डब्याशेजारी एकेक ठेवला आणि बसमध्ये माइकवरून त्यावर भाषणही ठोकलं. काल खोलीत पाकीट फोडते तर सगळे उलटे! भोकं इथली, पिना आपल्या. सांगलीत ॲडॅप्टर कशासाठी विकला जातो ते आठव. कुणाचा तरी मेहुणा आखातातून इस्त्री घेऊन येतो, ती आपल्या भिंतीत लावायला. आजवर आपल्या गावात वस्तू तिकडून आल्या, इकडून बायका निघाल्या नाहीत. दुकानदाराने वर्षानुवर्षं देतो तेच दिलं आणि मी खोक्यावरचं 'युनिव्हर्सल' वाचून घेतलं. उघडून बघितलं नाही. एकोणीस वर्षांचा अनुभव म्हणे.

त्यात व्हॉट्सॲपचा कॉल इथं लागत नाही. मेसेज जातात, कॉल नाही. बायकांना ते पटेना, त्या दिवसभर लावतच राहिल्या. जेवणाच्या वेळेपर्यंत एकोणीस फोन बंद. मग त्यांनी माझ्यावर विसंबणं सोडलं आणि आपापली अक्कल चालवली. कुणी केसांचा आकडा, कुणी टूथब्रशची शेपटी वरच्या भोकात घालून झडप उघडली आणि चार्जर खुपसला. आकडा घालणारीला काही झालं नाही ही देवाची कृपा. कमलताईंनी लोणच्याच्या चमच्याचा दांडा घातला. तीन खोल्यांतल्या झडपा तुटल्या आणि सकाळी नाश्त्याच्या आधी चौथ्या मजल्याची वीज गेली.

रिसेप्शनवर एमान नावाची मुलगी आहे, इजिप्तची, चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. ती चमचा घेऊन माझ्या दारात.

"मॅडम, व्हॉट इज धिस?"

"स्पून."

"आय नो स्पून. व्हाय इज द स्पून इन द वॉल?"

माफी मागितली. ती म्हणाली, पुन्हा असं झालं तर मॅनेजर ग्रुपला दुसरं हॉटेल बघायला सांगेल, खलास.

तिकडे सांगलीत मुलांनी 'आई दुबईत' नावाचा ग्रुप काढला आहे. "सगळ्यांचे फोन एकदम कसे बंद?" असं एकाने लिहिलं आणि तासाभरात गोष्ट वकिलातीपर्यंत गेली. तुझ्या ऑफिसात चौकशीचे फोन आले आणि तू "मी आधीच बजावलं होतं" म्हणालास, हेही मला कळलं. तुला उकळ्या फुटल्या असतील.

आता खरी गोष्ट. कमलताईंचा सिद्धार्थ इथेच, दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात राहतो, तिथल्याच एका कंपनीत आहे. त्याने रिसेप्शनवर फोन करून सांगितलं, आज संध्याकाळी सहाला येतो आणि आईला घेऊन जातो. कमलताई गेल्या तर त्यांच्या भिशीतल्या आठजणी उद्याचं तिकीट मागणार, एकीने तर विचारलंसुद्धा. चौथा दिवस कसला, दुसऱ्याच दिवशी तुझं खरं होणार.

मी नळ सोडून बाथरूममध्ये रडले. हे लिहायचं नव्हतं, पण आता शाईने लिहिलं आहे.

बस काढायला सांगितली आहे. जाऊन येते.

अपर्णा


१४ नोव्हेंबर, सकाळ

दादा!

बस! आधी चहा घे आणि मग वाच.

आमच्या बसचा ड्रायव्हर रफिक, मलबारचा, इथे तेवीस वर्षं. त्याला म्हटलं, बावीस ॲडॅप्टर मिळतील अशा दुकानात ने. तो शारजाच्या औद्योगिक भागाकडे निघाला. गॅरेज, गोदामं, पत्र्यांचे ढीग, पुन्हा गॅरेज. वाटेत मी त्याला चमच्याची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की त्याने बस कडेला घेतली.

"दीदी, बाईस ॲडॅप्टर मत लो. बाईस कमरे में बाईस टेन्शन. कोई उल्टा लगाएगी, कोई गुम करेगी. बोर्ड लो. सबको एक जगह बिठाओ, अपनी आँख के सामने."

मला हे सुचायला हवं होतं. अष्टविनायकाला आपण बायकांना स्वतंत्र बाटल्या देतो का? एक मोठं पिंप ठेवतो. दुकानातून चार एक्स्टेंशन बोर्ड घेतले, प्रत्येकी सहा जागांचे. भिंतीकडचा प्लग इथला, तीन चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला. बोर्डावरची भोकं मात्र अशी की आपल्या दोन पिना सरळ बसतात. दुकानदाराने बजावलं, एका बोर्डात दुसरा बोर्ड खुपसायचा नाही, चारही वेगळ्या सॉकेटला, आणि त्यावर किटली लावायची नाही. वीज आपल्यासारखीच आहे, दोनशेतीस व्होल्टची. भांडण नुसतं पिनांचं होतं.

परत येऊन एमानसमोर चारही बोर्ड ठेवले. तिने प्लग उलटासुलटा करून बघितला, शिक्के वाचले, कुणालातरी फोन केला आणि नाश्त्याच्या हॉलचा एक कोपरा दिला. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. "नो स्पून," म्हणाली. म्हटलं, नो स्पून.

साडेपाचला बायका चार्जर घेऊन उतरल्या आणि पाच मिनिटांत कल्ला! सगळे चार्जर पांढरे, सगळे सारखे. घरात वाटीवरसुद्धा नाव घालून घेणाऱ्या आपण बायका, चार्जरवर घालायचं एकीलाही सुचलं नव्हतं. "हा माझा", "तुझ्यावर हळद कशी?", झोंबाझोंबी. तेव्हा फिरदोस मुजावर पुढे आल्या. मिरजेला दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, आवाज अजून वॉर्डातला. पर्समधून चिकटपट्टी काढली, दातांनी तोडत गेल्या आणि प्रत्येक चार्जरवर नाव नि नंबर. फोनवर तोच नंबर, बोर्डावरच्या जागेला तोच नंबर. "आता पेशंट आणि कॉट चुकायची नाही," म्हणाल्या. आणि कमलताईंना खुर्चीवर बसवून सांगितलं, तुम्ही इनचार्ज. चमचेवालीलाच इनचार्ज केलं, बघ किती हुशार बाई.

सहाला सिद्धार्थ आला. उंच, गळ्यात ऑफिसचा पट्टा, कपाळावर आठी.

"आई, बॅग कुठेय? यल्ला, चल लवकर, खाली पार्किंग मिळत नाही."

"थांब. माईणकरबाईंचा एकोणसत्तर झालाय."

"काय एकोणसत्तर?"

"टक्के. ऐंशीला मी त्यांचा काढून देते, मग पवारबाईंचा. त्यांना नातवाला मेसेज पाठवायचाय."

"मम्मी, सीरियसली! काल रात्रीपासून तुझा फोन स्विच ऑफ. आय वॉज अबाउट टू कॉल द पोलीस. हे लोक रिस्पॉन्सिबल नाहीत."

हे लोक म्हणजे मी. मी तिथेच उभी होते.

कमलताईंनी मान वर केली नाही. "चमचा मी घातला होता, त्या लोकांनी नाही. आणि साडेसातपर्यंत माझी ड्यूटी आहे. मी उठले तर या एकमेकींच्या वायरी उपटतील."

"ओके, मग साडेसातला निघू."

"उद्याही ड्यूटी आहे."

"आई!"

"परवाही." मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "सिद्धू, तुझे बाबा गेल्यापासून मला कुणी काही काम सांगितलं नाही रे. सगळे म्हणतात, तू बस. इथं बावीस जणी माझ्या तोंडाकडे बघतायत. मी येणार नाही."

फिरदोसबाईंनी त्याला खुर्ची दिली, वर चिवड्याची पुडी दिली. थोड्या वेळाने त्याने खिशातून स्वतःचा फोन काढून चोरून बघितला. अकरा टक्के! कमलताईंच्या नजरेतून काय सुटणार? "लाव रांगेत," म्हणाल्या. फिरदोसबाईंनी पट्टीवर 'सिद्धार्थ, २३' लिहिलं.

तो साडेसातपर्यंत बसला. उखाणे ऐकले, व्हिडिओ काढून 'आई दुबईत' ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "ऑल गुड हियर. चिल, एव्हरीवन." जाताना मला म्हणाला, "काकू, नेक्स्ट टाइम मला आधी विचारा, मी बॉक्सभर प्लग आणून दिले असते." गाडीत तो एकटा बसला. भिशीतल्या ज्या बाईने तिकीट विचारलं होतं, ती तेव्हा भेंड्या लावायला जागा शोधत होती.

आज दुसरा दिवस संपून तिसरा लागला. बावीस.

अपर्णा


१६ नोव्हेंबर

दादा,

आजचं तुला निम्मं माहीत आहे, कारण निम्मं तुझ्या बाजूला घडलं. माझ्या बाजूचं लिहिते. प्रणवने "आत्या, पप्पांना बोलू नकोस" अशी गळ घातली आहे. मी बोलत नाहीये.

साडेचारला आमची दुबईत उंच इमारतीच्या गच्चीवर जायची वेळ होती. आम्ही सव्वाचारला पोहोचलो. हल्ली माझ्या बायका काय थाटात निघतात तुला सांगते. प्रत्येकीचा फोन शंभर टक्के आणि नऊ जणींच्या पर्समध्ये भरलेली पॉवर बँक. ती विमानात हातातल्या बॅगेत घ्यायची, सामानाच्या बॅगेत टाकायची नाही, हे मी सांगलीत तीन वेळा बजावलं होतं. तेवढं एक मी बरोबर केलं होतं.

दाराशी निळ्या टोप्या दिसल्या. 'शिराळकर टूर्स', चाळीस माणसं. मध्ये प्रणव, पांढराफटक. चाळिसांची तिकिटं त्याच्या फोनमध्ये आणि फोन मेलेला. त्याची मोठी पॉवर बँक सामानाच्या बॅगेत होती, ती मुंबईला तपासणीत काढून घेतली. हॉटेलवर चाळीस माणसांत दोन ॲडॅप्टर. दुसऱ्याच्या फोनवरून मेल उघडायला गेला तर ओटीपी त्याच मेलेल्या फोनवर. त्यांची वेळ चारची, पंधरा मिनिटं उलटलेली, दारावरचा माणूस घड्याळ दाखवत होता. एक गृहस्थ ओरडत होते, "याच्यापेक्षा आम्ही गाणगापूरला गेलो असतो!"

मला आनंद झाला. लपवत नाही. पोटभर आनंद झाला, गुदगुल्या झाल्यासारखा, आणि अर्धा मिनिट मी तो उभ्याउभ्या खाल्ला. मग प्रणवने मला बघितलं आणि त्याचे डोळे भरले. लहानपणी जत्रेत हरवला होता तेव्हाही त्याने मलाच आधी बघितलं होतं.

"कमलताई," मी हाक मारली, "ड्यूटी."

चाकं लावल्यासारख्या हलल्या बायका. कमलताईंनी प्रणवच्या हातातून फोन काढून घेतला, पवारबाईंनी वायर दिली, माईणकरबाईंनी पॉवर बँक. फिरदोसबाई दारावरच्या माणसाजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हिंदी-उर्दूत म्हणाल्या, बेटा, चार मिनिट, मरीज को होश आ रहा है. तो माणूस हसला. सातव्या मिनिटाला प्रणवच्या फोनवर तिकिटं उघडली. दरम्यान बाकीच्या बायका निळ्या टोप्यांमध्ये शिरून "तुमचा किती आहे? दोन? लाजता काय, आणा इकडे" करत होत्या.

वहिनी कडेला पायरीवर बसली होती. मांडीवर बंद फोन. दोन दिवस बंद होता म्हणाली, प्रणवच्या मागे गर्दी, आपला कशाला पुढे करायचा म्हणून गप्प बसले. मी तिच्या फोनला वायर लावायला वाकले आणि माझा फोन वाजला. स्क्रीनवर 'दादा'.

आठ महिन्यांनी. मला वाटलं, मशीन बिघडलं.

"अपू, विद्या कुठंय? परवापासून तिचा फोन लागत नाही, प्रणवचाही लागत नाही, तू बघितलंस का तिला कुठं?" तुझा आवाज असा मी फक्त आई गेली तेव्हा ऐकला होता. मी काही टोमणा मारणार होते, जिभेवर तयार होता. मारला नाही. फोन वहिनीच्या हातात दिला.

"अहो, मी बरी आहे. फोन मेला होता, मी नाही." मग बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "अपर्णाच्या बायकांनी सोडवलं आम्हाला सगळ्यांना." ते तू ऐकलंस. मुद्दाम स्पष्ट म्हणाली ती.

परत माझ्याकडे फोन आला तेव्हा तू "बरं" म्हणालास आणि ठेवलास. मीही "बरं" म्हटलं. दादा, तेवढ्यावर मी आणखी दोन वर्षं भांडू शकेन एवढी ताकद आली.

वर गेलो. एकशेचोवीस मजले. वहिनी माझा हात धरून काचेपाशी उभी होती आणि खाली बघून म्हणाली, "एवढं असतं होय जगात." चांगलं पंधरा मिनिटं ती तिथून हलली नाही.

अपर्णा


१८ नोव्हेंबर
शारजा विमानतळ

दादा,

मोजल्या. एकदा रांगेत, एकदा खुर्च्यांवर, एकदा फिरदोसबाईंनी. बावीस. सातवा दिवस आहे आणि रडतंय फक्त एकच माणूस, ती मी, आणि ते वेगळ्या कारणाने. सकाळी निघताना एमानने सगळ्यांना गेटपर्यंत सोडलं आणि कमलताईंना मिठी मारली. त्या मुलीला हसता येतं, आम्ही सातव्या दिवशी बघितलं.

मी जिंकले, दादा. स्पष्ट लिहिते, कारण तू स्पष्ट म्हणाला होतास. परदेश मला झेपला. चुकले, बावीस उलटे प्लग घेऊन आले, रडले आणि तरीही झेपला. तुझ्या कौंटरवर मी आता बसणार नाही. तू बोलायला लागलास तर येईन, समोरच्या खुर्चीवर बसेन आणि भांडेन. तुझ्याशिवाय कुणाशी भांडायला मजा येत नाही, हे या आठ महिन्यांत कळलं.

अजून एक सांगायचं आहे, तेवढं सांगून विमानात बसते.

तुमची निळी टोपीही याच विमानाने आहे. मघाशी वहिनी तिच्या रांगेतून उठून माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, तुझी पुढची सहल कुठे? म्हटलं, मार्चमध्ये व्हिएतनाम. म्हणाली, फॉर्म आहे का? पर्समध्ये दोन होते. तिने गुडघ्यावर ठेवून भरायला घेतला. नाव, वय, पासपोर्ट नंबर, कोणती औषधं. तिचं अक्षर इतकं सुंदर आहे हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं तुझ्या ऑफिसात तिने लिहिलेला एक कागद मी बघितला नाही.

सगळं भरून झालं तरी ती पान उलटून पाठीमागे काहीतरी शोधत राहिली. विचारलं, काय गं वहिनी?

"कुटुंबप्रमुखाची सही कुठं घ्यायची? आमच्या फॉर्मवर असते बघ खाली, बायकांसाठी."

म्हटलं, माझ्या फॉर्मवर तो रकाना नाही.

तिने कागद पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत बघितला. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि स्वतःची सही केली, पूर्ण नावाने, सावकाश.

तुझी धाकटी,
अपर्णा